त्या सोमवारचं ऑपरेशन

विजू,

तुला जाऊन अठरा दिवस झाले, आणि वसमतमधली माणसं अजून मला विचारतात, "मॅडमला नेमकं कोणतं इन्फेक्शन झालं होतं?" इन्फेक्शन नव्हतं, डोक्यातली रक्तवाहिनी फुटली, असं मी सांगतो. ते मान डोलावतात, पण पटलेलं नसतं. परवा हळदीचा एक व्यापारी घरी येऊन बसला आणि म्हणाला, "काही म्हणा डॉक्टरसाहेब, जंतूंशी इतकं खेळू नये माणसानं. शेवटी डाव साधला त्यांनी." तू उभ्या आयुष्यात जंतू वाढवायची एक प्लेट उघड्या हातानं उचलली नाहीस. अंगठी घालून लॅबमध्ये पाऊल टाकलं नाहीस. आणि तुझं मरणसुद्धा लोकांनी जंतूंच्या नावावर करून टाकलं. तू असतीस तर पोट धरून हसली असतीस. मला त्या माणसाला दाराबाहेर काढावंसं वाटलं. मी त्याला चहा पाजला.

गावातल्या डॉक्टरांनी शोकसभा घेतली. तुला पाठीमागे 'जंतूबाई' म्हणणारा जो होता, तो सगळ्यांत जास्त वेळ बोलला. "संशोधनाला वाहून घेतलेलं व्यक्तिमत्त्व" वगैरे. त्या गृहस्थानं इतक्या वर्षांत तुझ्याकडे एक नमुना तपासायला पाठवला नव्हता. पण त्याच्यावर चिडण्याचा मला हक्क नाही, कारण त्याच्यानंतर मी बोललो. "आमच्यात कधी मतभेद झाले नाहीत," असं मी माईकवर म्हणालो. समोर तुझा अजीम बसला होता. सोळा वर्षं तुझ्या लॅबमध्ये काम केलेला माणूस. त्यानं मान खाली घातली ती मी खाली बसेपर्यंत वर केली नाही.

म्हणून हे लिहायला बसलोय. तिथं जे बोललो ते खोटं होतं.

तुझ्या गावी पहिल्यांदा आलो होतो तो दिवस मला आठवतो. वारंगा फाट्यावर बस सोडली आणि तिथून तुझ्या भावाच्या मोटारसायकलवर आत. कुरुंद्याचा, हळदवाल्या घरातला पोरगा तुझा हात मागायला आला होता, आणि तुझे आबा एका मेंढीला गुडघ्यात दाबून तिच्या पायाची जखम धूत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. जखमेजवळ नाक नेलं, हुंगलं आणि म्हणाले, "जगती ही." मग मला म्हणाले, "बसा."

तू त्यांचीच लेक. मेडिकलला असताना तू प्लेटचं झाकण किलकिलं करून वास घ्यायचीस, आणि आपले सर ओरडायचे, "पुस्तकात असं कुठं लिहिलंय?" तू म्हणायचीस, "सर, वास आधी येतो, पुस्तक मागून." सगळा वर्ग हसायचा. मीही.

शिकून झाल्यावर सगळ्यांनी तुला सांगितलं, बाळंतपणाची डॉक्टर हो, नवऱ्याची सर्जरी आणि तुझी बाळंतपणं, वसमत तुमच्या खिशात. तू सूक्ष्मजीवशास्त्र घेतलंस. माझी आई शेवटपर्यंत शेजाऱ्यांना सांगायची, "सून डॉक्टर हाय, पन पेशंट न्हाई बघत." दवाखान्याच्या तळमजल्यावर जिन्याखालची खोली मी तुला दिली. 'दिली' हा शब्द मी तेव्हा वापरायचो, आणि तू एकदा विचारलं होतंस, "ही खोली आधी तुझी होती का?"

त्या खोलीतून तू काय काम उभं केलंस, हे मला आता तुझ्या वह्या चाळताना कळतंय. चार वर्षं तू आणि अजीम स्कूटरवर गावं फिरलात. लघवीचे नमुने, जखमांतला पू, बाळंतिणींचे नमुने. वाढवलेले जंतू प्लेटवर पसरायचे, त्यावर औषधाच्या कागदी चकत्या ठेवायच्या. चकतीभोवती स्वच्छ गोल पडला तर औषध लागू. जंतू चकतीला भिडून वाढले तर औषध वाया गेलं. दर वर्षी तुझ्या प्लेटवरचे गोल लहान होत चालले होते. तू घरी येऊन सांगायचीस आणि मी जेवता जेवता 'हं' म्हणायचो.

एकदा तू डोंगराकडच्या एका वाडीतून आलीस आणि हसत सुटलीस. एका मेंढपाळानं स्वतःच्या उरलेल्या कॅप्सूल फोडून कोकराला गुळातून चारल्या होत्या. तू रागावलीस तर तो म्हणाला, "बाई, माज्यावानीच खोकून राहिलं व्हतं. त्याचा बी जीव हाय." हसून झाल्यावर तू डोळे पुसलेस. मग म्हणालीस, "त्याला मी काय बोलू? गोळ्या लिहून देणाऱ्यानं एकदा तरी सांगितलं का, की बरं वाटलं तरी संपवायच्या? किंवा मुळात लागतच नव्हत्या?" 'लिहून देणारा' म्हणजे मीच होतो असं नाही. पण मीही असू शकलो असतो. आपल्या दोघांनाही ते कळलं.

आपलं भांडण एकच होतं, रोज नव्यानं. तू म्हणायचीस, "तू मला नमुने हरल्यावर पाठवतोस. पहिलं औषध देऊन झालं, दुसरं देऊन झालं, तिसरं झालं, मग माझी आठवण येते."

मी म्हणायचो, "तुझा रिपोर्ट तिसऱ्या दिवशी येतो. माझ्यासमोर तापानं फणफणलेला माणूस बसलेला असतो. त्याला दुपारच्या बसनं गावी जायचंय. मी त्याला सांगू, थांब, बायको प्लेट बघतेय?"

"नमुना घेऊन ठेव आणि मग दे की इंजेक्शन. मी कुठं नको म्हणते?"

"सगळ्यांचा नमुना? अगं, ते दुसऱ्या डॉक्टरकडे जातील."

"जाऊ दे न मग! काहून भेतो?"

तू रागावलीस की तुझ्या गावची बोली वर यायची. आणि ती आली की मी हरलेलो असायचो, पण कबूल करायचो नाही. विजू, अजूनही मला वाटतं की त्या भांडणात मी निम्मा बरोबर होतो. खेड्यातल्या दवाखान्यात खुर्चीवर बसलेल्या माणसाची अडचण तुझ्या प्लेटला दिसत नव्हती. हे मला तुला पुन्हा एकदा सांगायचंय आणि तुझं 'काहून' ऐकायचंय. आता मी हे भिंतीला सांगतो, आणि ती ऐकून घेते.

पण ते भांडण वेगळं. तीन वर्षांपूर्वीचं जे आहे, ते भांडण नव्हतं. त्यात मी निम्मासुद्धा बरोबर नव्हतो.

हळद निघून, शिजून, वाळून झाली होती. आपल्या भागात लोक तेव्हाच ऑपरेशनला येतात. वर्षभर टाळलेलं हर्निया, अपेंडिक्स सगळं त्या दोन महिन्यांत. वरचा वॉर्ड भरलेला होता. एका शनिवारी सकाळी तू मला किल्ली द्यायला वर आलीस आणि वॉर्डाच्या दारातच थबकलीस.

"कुणाची जखम उघडी आहे?" तू विचारलंस.

मी म्हणालो, "एकदोघांचे टाके ओले आहेत. होतं उन्हाळ्यात."

तू तशीच आत गेलीस. चार पेशंटच्या पट्ट्या सोडल्यास. चौघांचाही पू हिरवट. वॉर्डात फिनेलचा वास भरून राहिला होता, मला दुसरं काही जाणवत नव्हतं. तू म्हणालीस, "सडत आलेल्या द्राक्षांसारखा वास येतोय. हा जंतू सुडोमोनास आहे. चौघांना एकाच ठिकाणाहून लागलाय."

तिथून तू थेट ऑपरेशनच्या खोलीत गेलीस. सिंक, नळ, चिमटे ठेवायचा ट्रे, सगळीकडून नमुने घेतलेस. आणि ती पांढरी बाटली. जंतुनाशकाची, पाणी घालून पातळ केलेली. रोज सकाळी आमची सिस्टर ती वरपर्यंत भरायची. भरायची, पण तळ कधी रिकामा करून धुवायची नाही. तसं करायला तिला मी कधी सांगितलंच नव्हतं. जंतू मारायच्या औषधात जंतू राहत होते, आणि आम्ही कापसानं ते ऑपरेशनआधी लोकांच्या पोटाला फासत होतो.

प्लेट वाढायला दिवस लागणार होता. तू वाट पाहिली नाहीस. त्याच दुपारी माझ्या केबिनमध्ये आलीस, दार लावलंस.

"ऑपरेशन बंद ठेव. आजपासून."

"किती दिवस?"

"मी सांगेपर्यंत. दहा, बारा."

"विजू, पुढच्या आठवड्यात सगळ्या तारखा दिलेल्या आहेत. लोक गावाहून येतात. मी बाटली फेकून देतो. नवीन घेतो. झालं."

"बाटलीत तो सापडेल. पण तो सिंकमध्ये असेल, पाइपात असेल. नवीन बाटलीत पुन्हा येईल. मी तुला लिहून देऊ का?"

"गुरुवारपर्यंत थांब. गुरुवारनंतर बंद करतो. शब्द देतो."

तू माझ्याकडे पाहत राहिलीस. "मला काय शब्द देतोस," म्हणालीस, आणि खाली गेलीस.

सोमवारी सकाळी मी हट्टा गावच्या रुक्मिणीचं सिझेरियन केलं. बाळ आडवं होतं, तारीख आधीच ठरलेली होती. घाईचं काही नव्हतं. मी तिला नांदेडला पाठवू शकलो असतो, सरकारी दवाखान्यात पाठवू शकलो असतो, एक चिठ्ठी लिहायची होती. पहिलटकरीण, चोविशीची पोर. मुलगी झाली, छान रडली. नवीन बाटली होती, नवीन कापूस होता. मला वाटलं, जिंकलो.

त्याच दुपारी प्लेटा उघडून तू अजीमला वर पाठवलंस. बाटलीत होता, सिंकमध्ये होता, नळाच्या तोंडात होता. मी अजीमला म्हणालो, "ठीक आहे, गुरुवारनंतर बंदच करतोय."

चौथ्या दिवशी रुक्मिणीला ताप चढला. सहाव्या दिवशी टाके उघडले. तिचा नवरा ज्ञानोबा माझ्यासमोर हात जोडून उभा होता. "सायेब, काय चुकलं आमचं? तिला वरण-भाताबिगर काय बी दिलं न्हाई."

मी त्याला म्हणालो, "काहीकाही जणांच्या अंगाला टाका धरत नाही. शरीराचा धर्म असतो."

तू दारात उभी होतीस. हातात तिच्या पुवाचा रिपोर्ट होता. तू माझं वाक्य ऐकलंस, ज्ञानोबाकडे पाहिलंस आणि रिपोर्ट न देताच मागे फिरलीस. मला त्या क्षणी काय वाटलं सांगू? बरं वाटलं. तू त्याच्यासमोर काही बोलली नाहीस म्हणून सुटल्यासारखं वाटलं.

नंतर जे झालं ते तू केलंस. तिला नांदेडला तू पाठवलंस, तिथल्या डॉक्टरांना फोन तू केलास. त्या जंतूला चकत्यांतल्या सगळ्या औषधांत एकच लागू पडत होतं, मूत्रपिंडाला त्रास देणारं, आणि तेच द्या म्हणून तू फोनवर भांडलीस. रुक्मिणी जगली. गर्भाशय काढावं लागलं. चोविसाव्या वर्षी.

शब्द दिला होता त्या गुरुवारनंतर मी ऑपरेशन बंद केलं. सिंक उखडलं, पाइप बदलले. तू दर शनिवारी कापसाच्या काड्या घेऊन वर यायचीस, नमुने घ्यायचीस आणि खाली जायचीस. बाटल्या रोज रिकाम्या करून, धुऊन, उकळून, वाळवून भरायच्या, हे तू सिस्टरला स्वतः शिकवलंस. त्या दिवसापासून तुझ्या शेवटच्या शनिवारपर्यंत माझ्या वॉर्डात एकही जखम हिरवी झाली नाही. कितीतरी माणसं आपल्या पायांनी घरी गेली आणि त्यांतल्या एकालाही तुझं नाव माहीत नाही. मीही तुला कधी म्हणालो नाही की विजू, बरं झालं तू होतीस. आता म्हणतोय.

त्याच वर्षी तू चार वर्षांच्या कामाचा शोधनिबंध लिहिलास. मला वाचायला दिलास, इंग्रजी तपास म्हणून. शेवटच्या भागात एक पान होतं. 'तालुक्याच्या ठिकाणचं एक खाजगी रुग्णालय.' चार जखमा, एक बाटली, एक सिंक, आणि पाचवी रुग्ण. जंतू सगळीकडे एकच. नाव कुणाचं नव्हतं.

"हे पान काढ," मी म्हणालो.

"काहून?"

"अगं, वसमतमध्ये असा निबंध लिहिणारी बाई एकच आहे. तिच्या नवऱ्याचं रुग्णालय कोणतं, हे शोधायला कुणाला किती वेळ लागेल?"

 तिसऱ्या दिवशी तू निबंधाची नवी प्रत टेबलावर ठेवलीस. ते पान नव्हतं. मी 'थँक्यू' म्हणालो. विजू, मी खरंच 'थँक्यू' म्हणालो.

निबंध मासिकाकडून परत आला. तपासणाऱ्यांनी विचारलं होतं, हा इतका चिवट जंतू नेमका आला कुठून, याचा माग लेखिकेनं का काढला नाही? तू ते पत्र वाचलंस, घडी घातलीस आणि स्वयंपाकघरात जाऊन कुकर लावलास. तुझ्याकडे उत्तर होतं. तू माग काढला होतास, आणि मी ते पान काढायला लावलं होतं. पुढं तो निबंध कुठल्यातरी कोपऱ्यातल्या अंकात छापून आला. कुणी वाचला की नाही, देव जाणे.

त्यानंतर तू माझ्याशी भांडणं सोडलंस. 'हरल्यावर पाठवतोस' म्हणणं बंद. प्लेट दाखवायला वर येणं बंद. जेवताना भाजीत मीठ बरं आहे का, लेकीचा पुण्याहून फोन आला का, एवढंच. मला वाटलं, चला, घरात शांतता आली. मित्रांना सांगितलंही, आमच्या मॅडम आता निवळल्या.

त्या दिवशी सकाळी अकरा वाजता अजीम जिन्यातून ओरडत वर आला, "सर, मॅडम बोलेनात!" तू खुर्चीत होतीस, डावा हात लोंबत होता. टेबलावर अर्धा लिहिलेला रिपोर्ट. नांदेडच्या रस्त्यावर अॅम्ब्युलन्समध्ये तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी तुझ्याशी बोलत होतो. तेव्हा तरी सांगायला हवं होतं. मी सांगत होतो की काही होणार नाही, सगळं ठीक होईल. पेशंटला सांगतो तेच. दुसऱ्या दिवशी दुपारी तू गेलीस.

तेराव्यानंतर लेक पुण्याला परतली. त्याच्या दुसऱ्या दिवशी अजीम माझ्या केबिनच्या दाराशी उभा राहिला.

"सर, हट्ट्याच्या बाईचं रक्त घ्यायचं राहिलंय. मैं जाऊ क्या?"

"कोण हट्ट्याची बाई?"

तो माझ्याकडे पाहतच राहिला. त्याला वाटलं होतं मला माहीत आहे. "रुक्मिणीबाई. मूत्रपिंडासाठी दर दोन-तीन महिन्यांनी तपासावं लागतं, सर. मॅडम खुद जायच्या."

मी म्हणालो, "मी जातो."

हट्ट्यात घर विचारत गेलो. रुक्मिणी ओट्यावर तूर निवडत बसली होती. तुझी गाडी ओळखून उठली आणि मला पाहून तिथंच थांबली. बसा म्हणाली नाही.

"रक्त घ्यायला आलो," मी म्हणालो.

तिनं हात पुढं केला. मी रक्त घेतलं, कापूस दाबला. आणि मग सांगायला सुरुवात केली. रस्त्यानं येताना जुळवलेली वाक्यं होती. बाटली, सिंक, जंतू. तुमच्या शरीराचा दोष नव्हता. माझा होता.

ती ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "ठाव हाय मला."

"कधीपासून?"

"पोरगी सा महिन्यांची असंल तवा. बाईनंच सांगितलं. हितंच बसल्या व्हत्या. रडल्या बी."

विजू, खरं सांगतो, त्या ओट्यावर उभं राहून मला पहिल्यांदा तुझाच राग आला. अडीच वर्षं ह्या बाईला माहीत होतं, तिच्या नवऱ्याला माहीत होतं, अजीमला माहीत होतं. आणि तू माझ्या ताटात भाजी वाढत होतीस. तू मला सांगितलं का नाहीस? पण काय सांगणार होतीस? मला जे माहीतच होतं ते?

"मग तुम्ही तक्रार का नाही केली?" मी विचारलं.

"मालक निघालेच व्हते. लई तापले व्हते. बाई म्हणल्या, तुमी म्हणाल तिथं मी येते, म्या माज्या तोंडानं सांगते, नवरा असला म्हनून काय झालं. पन एकडाव त्यांना सवताहून येऊ द्या. येतील म्हणल्या." रुक्मिणीनं तुरीच्या सुपाकडे पाहिलं. "दर खेपंला म्हणायच्या, येतील. मालक म्हणायचे, न्हाई येत. म्या बाईच्या तोंडाकडं बघून गप बसायची."

मी रक्ताची नळी पिशवीत ठेवली.

"तीन सालं झाली, डॉक्टर. आता काहून आलात? बाई गेल्या म्हनून?"

"हो," मी म्हणालो. दुसरं खरं उत्तर नव्हतं.

मग मी म्हणालो, "तुम्हाला अजून तक्रार करायची असेल तर मी सगळं लिहून देतो. माझ्या सहीनं." आणि तुझ्यापासून आता काय लपवू? मला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ द्या डॉक्टर, झालं ते झालं. पेशंट असंच म्हणतात. आपल्याकडची माणसं फार लवकर जाऊ द्या म्हणतात. त्याच भरवशावर मी ते बोललो होतो.

रुक्मिणी म्हणाली, "द्या लिवून."

आत जाऊन तिनं वहीतला कागद आणि पेन आणलं. मी ओट्याच्या कडेला बसून लिहिलं. पाठपोट भरलं. अमुक महिन्यात आमच्या रुग्णालयातलं जंतुनाशक दूषित झालं होतं, त्यातून जंतुसंसर्ग झाला, त्यामुळे गर्भाशय काढावं लागलं, या हानीला मी डॉक्टर म्हणून जबाबदार आहे. सही केली. मनात कुठंतरी वाटत होतं की मी मोठं काम करतोय.

ती दहावीपर्यंत शिकलेली आहे. ओठ हलवत, सावकाश वाचत गेली. शेवटपर्यंत वाचून तिनं कागद माझ्यापुढं धरला.

"बाईनं बंद ठेवा म्हनून सांगितलं व्हतं ना तुमाला? माजं आपरेशन व्हायच्या आधी?"

"हो."

"ते न्हाई ह्याच्यात."

नव्हतंच. सगळा कागद भरला होता आणि त्यात तू नव्हतीस. बाटली दूषित झाली होती, संसर्ग झाला होता. सगळं आपोआप झालं होतं. मी विसरलो होतो, असं मी तुला सांगणार नाही.

मी कागद परत घेतला. सहीच्या खाली तळाला थोडी जागा उरली होती, तिथं लिहिलं की शनिवारी माझी पत्नी डॉ. विजया हिनं मला ऑपरेशन बंद ठेवायला स्पष्ट शब्दांत सांगितलं होतं, कारण सांगितलं होतं, आणि सगळं माहीत असून सोमवारी मी ते केलं. त्याखाली पुन्हा सही केली.

रुक्मिणीनं कागद घेतला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला लागली. मी उभा राहिलो. आत तिची लेक कुणाशी तरी बडबडत होती. वाचून झाल्यावर तिनं घडी घातली.

"आता बराबर हाय," ती म्हणाली, आणि आत जाऊन तिनं दार लोटून घेतलं.